एका नमो मारियात नऊ श्वास

भुईगाव, ता. वसई
१२ जानेवारी २०२५

चि. क्षितिजा,

वाडीच्या बावखलातलं पाणी ओढणाऱ्या पंपाची स्टार्टरपेटी. केळ्यांची सुकेळी वाळवायचा जाळीचा मांडव, ज्यात आजवर एक माशी शिरलेली नाही. चिकू उतरवायचा झेला, साडेचौदा फुटी, मधोमध दुमडणारा. तुझ्या आजीची न्हाणीघरातली खुर्ची, तिच्या गुडघ्याच्या मापाने, बरोब्बर एकोणीस इंच. शेजारच्या मार्थाबायच्या आल्तारावरचा दिवा, वीज गेली तरी चार तास चालणारा. हे सगळं मी माझ्या हातांनी केलं. कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, दहावीनंतर शाळेचं पुस्तक उघडलं नाही. बाकीची किती उघडली ते तुझ्या हेमांगीकाकीला विचार, तिला ती रोज पुसावी लागतात.

यादी लिहायचं कारण, तिच्यात एक वस्तू वाढली आहे. कानपेटी.

फणसाच्या लाकडाची पेटी, आठ इंच बाय पाच. स्टेथोस्कोपचं लहान मुलांसाठी असतं तसलं तोंड, त्याच्या नळीत जुन्या मोबाइलचा माइक बसवला आहे. आवाज पेटीत साठतो आणि संगणकावर त्याची रेघ उमटते. मांजराच्या छातीला चाळीस सेकंद लावायची. मांजर गुरगुरायला लागलं तर ठोका बुडतो, म्हणून मी बेसिनचा नळ सोडतो. पाण्याच्या आवाजाने गुरगुर थांबते. हे मला कुणी सांगितलेलं नाही, माझं मीच शोधलं.

सुरुवात मार्थाबायच्या बोंबीलपासून झाली. बोंबील म्हणजे तिचा बोका, चार वर्षांचा. कळंबला काठीवर वाळत घातलेला बोंबील ओढताना सापडला, म्हणून हे नाव. तिचा मुलगा स्टॅनी कुवेतला गेल्यापासून घरात ती आणि हा, दोघंच. मागच्या महिन्यात गल्लीतलं एक मांजर खेळता खेळता पडलं आणि गेलं. कुणीतरी म्हणालं, हृदयाचा आजार. तेव्हापासून मार्थाबायला धास्ती. मी बोंबीलचा ठोका घेतला. स्वच्छ, घासल्याचा आवाज नाही, फुसफुस नाही. मी तिला चिठ्ठी लिहून दिली: ‘हृदय ठीक.’ खाली सही, तारीख आणि माझ्या पंपदुरुस्तीच्या दुकानाचा शिक्का.

मग लोक यायला लागले. आजपर्यंत सतरा मांजरं तपासली. सतराही ठीक.

सोबत पेनड्राइव्ह आहे. ऐक आणि जनावरांची डॉक्टर म्हणून दोन ओळी लिहून दे. फोन करू नकोस. फोनवर माणूस हो हो म्हणतो आणि विसरतो. कागदावरचं राहतं.

तुझा,
धनेशकाका

•

पुणे
१८ जानेवारी २०२५

ती. धनेशकाका, सा. न.

पेनड्राइव्ह मिळाला. सतराही आवाज मी इअरफोन लावून ऐकले, मग आमच्या मोठ्या मॅडमना ऐकवले. त्या म्हणाल्या, एवढं स्पष्ट रेकॉर्डिंग आपल्या दवाखान्यातही होत नाही. नळाची युक्ती आम्हाला कॉलेजात शिकवतात. तुम्ही घरी बसून शोधलीत.

आता जरा दुसरं. मांजरांना हृदयाच्या स्नायूचा एक आजार होतो. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड होत जाते. बाहेरून हृदय कधी तेवढंच दिसतं, आतली जागा मात्र कमी होते आणि रक्त मागे तुंबायला लागतं. अडचण अशी की या आजारात कितीतरी मांजरांच्या छातीत वेगळा आवाज येतच नाही. आणि ज्यांच्या छातीत फुसफुस ऐकू येते, त्यातली कितीतरी ठणठणीत निघतात. म्हणून आवाजावरून हो किंवा नाही म्हणता येत नाही. एक रक्ततपासणी असते, हृदयावर ताण आहे का ते सुचवणारी. पण खात्री होते ती सोनोग्राफीनेच. भिंतीची जाडी मापतात. सहा मिलिमीटरच्या वर गेली तर आजार धरतात, पाच ते सहाच्या मधे असेल तर पुन्हा बोलावतात.

मार्थाबायना जमल्यास बोंबीलची सोनोग्राफी एकदा करून घ्या म्हणावं, घाई नाही. आणि घरच्या घरी एक करता येईल. तो गाढ झोपला असताना एका मिनिटात किती श्वास घेतो ते मोजायचं. पोट वर जाऊन खाली आलं की एक. तिसाच्या आत असलं पाहिजे.

दोन ओळींचं काय करायचं ते मॅडमना विचारून कळवते.

तुमची,
क्षितिजा

•

भुईगाव
२ फेब्रुवारी २०२५

चि. क्षितिजा,

पत्र दोनदा वाचलं. कौतुक पोचलं, आणि त्याच्यामागून काय आलं तेही पोचलं.

मी सव्वीस वर्षं पंप दुरुस्त करतोय. लोक मीटर लावतात. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला लावतो, आणि कुठली गोळी झिजली ते सांगतो. नालासोपाऱ्यापासून अर्नाळ्यापर्यंत विचार, किती वेळा चुकलो. हृदय म्हणजे पंपच. पंप बिघडला तर आवाज करतो. आवाज नाही, तर बिघाड नाही. पुस्तकात वेगळं लिहिलं असेल, पण पुस्तक लिहिणाऱ्याने किती पंप उघडले हे मला माहीत नाही.

श्वासांचं म्हणशील, तर मी स्टॉपवॉच आणि टॉर्च घेऊन गेलो होतो. मला बघून बोंबील उठला आणि पायात घुटमळायला लागला. मोजमाप झालं नाही. पण गुरगुरत होता, म्हणजे मजेत होता.

मार्थाबायचं तर वेगळंच चाललंय. २१ तारखेला मला म्हणाली, बोंबील दुपारी झोपला की ती त्याच्या पोटाकडे बघत जपमाळेवर रोजरी म्हणते. पूर्वी एक नमो मारिया म्हणून होईपर्यंत त्याचे पाच श्वास व्हायचे. आता नऊ होतात. हे काय माप झालं का? उद्या कुणी मला सांगेल, पाण्याची पातळी दोन भजनं खाली गेली. मी तिला म्हटलं, “बाय, माळेवर देवाचं काम कर, हृदयाचं माझ्यावर सोड.” हसली बिचारी. चिठ्ठी तिने प्रार्थनेच्या पुस्तकात जपून ठेवली आहे.

वसईतला हर्षवर्धन, ज्याचं मांजराकुत्र्यांच्या खाण्याचं दुकान आहे, तो कानपेटी बघायला आला होता. चहा पिऊन गेला. त्याला वस्तू पसंत पडली.

तुझ्या दोन ओळींची वाट बघतोय.

धनेशकाका

•

पुणे
७ फेब्रुवारी २०२५

ती. धनेशकाका,

पत्र हातात पडल्यापासून पाच वेळा फोन केला. पाचही वेळा काकीने उचलला. काका झाडावर आहेत, काका विहिरीत उतरलेत, काका जेवतायत. काका फोनवर येत नाहीत एवढं मला समजलं. मार्थाबायचा नंबर काकीकडे नाही. तिला निरोप सांगा म्हटलं, तर म्हणाल्या, “त्या दोघांच्यात मी पडत नाही.” म्हणून हे स्पीड पोस्टने.

बोंबीलचं वजन, वय, आवाज सगळं बाजूला ठेवा. फक्त एक करा. मार्थाबाय एक नमो मारिया किती सेकंदांत म्हणते, ते मोजा. तुमच्याकडे स्टॉपवॉच आहे. तिला सांगू नका, नाहीतर ती घाईत म्हणेल. नेहमीसारखी म्हणू द्या. मग नऊला तेवढ्या सेकंदांनी भागा आणि साठने गुणा.

ती बाई माप घेतेय, काका. तुम्ही तिला विचारलंच नाहीत की तिची पट्टी किती लांबीची आहे.

आकडा तिसाच्या वर आला तर त्याच दिवशी निघा. सोनोग्राफीची सोय असलेल्या दवाखान्याचा पत्ता मागे लिहिलाय.

क्षितिजा

•

भुईगाव
२३ फेब्रुवारी २०२५

चि. क्षितिजा,

तुझं पत्र १० तारखेला आलं. मी ते १७ तारखेला उघडलं. पाकिटाच्या जाडीवरून कळलं होतं की त्यात दोन ओळींचा दाखला नाही. हे मधले सात दिवस मी लिहून देतोय, कारण तारखा लपवणाऱ्या माणसाच्या बाकीच्या मापांवर कुणी विश्वास ठेवू नये.

१७ ला दुपारी मार्थाबायच्या ओटीवर केळीचे घड उतरवायच्या निमित्ताने बसलो. तिने रोजरीची पाच दशकं म्हटली, एकेका दशकात दहा नमो मारिया. मी खिशात हात घालून वीस नमो मारिया मापल्या. सगळ्यात लहान १३.८ सेकंद, सगळ्यात मोठी १४.३. एवढी सारखी गती मी मोटरीची पाहिली आहे, माणसाची नाही. पन्नास वर्षं रोज म्हणतेय ती.

जानेवारीतले नऊ म्हणजे मिनिटाला अडतीस-एकोणचाळीस. बोंबील तिथेच खुर्चीखाली झोपला होता. या वेळी मी टॉर्च नेला नव्हता. एका नमो मारियात अकरा.

मी उठून सांगितलं, बाय, चप्पल घाल. तिने का म्हणून विचारलं नाही.

तू दिलेल्या पत्त्यावर पोचेपर्यंत तो तोंड उघडून श्वास घ्यायला लागला होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी त्याला प्राणवायूच्या काचपेटीत ठेवलं, फुप्फुसात साठलेलं पाणी उतरवायचं इंजेक्शन दिलं. दीड तास आम्हाला त्याला हात लावू दिला नाही. मग सोनोग्राफी. मधे खाच असलेल्या टेबलावर त्याला कुशीवर निजवलं. मार्थाबायने पुढचे पाय धरले, मी मागचे. काखेजवळचे केस स्पिरिटने ओले करून खालच्या बाजूने यंत्र लावलं. पडद्यावर काळं-पांढरं हलायला लागलं. बाईंनी हृदय सैल पडतं त्या क्षणी चित्र थांबवून भिंतीच्या दोन कडांना खुणा केल्या. मी विचारलं, यंत्र शेवटचं तपासून कधी घेतलंत? त्यांना राग आला नाही. म्हणाल्या, ऑगस्टमध्ये, आणि पुन्हा दोनदा मापलं. ७.४, ७.२, ७.४. मीही तीनदाच मापतो.

वरचा डावा कप्पा फुगलेला, महाधमनीच्या दुपटीहून मोठा. रक्तदाब वाढला तरी भिंत जाड होऊ शकते आणि गळ्यातल्या ग्रंथीमुळेही, म्हणून तेही तपासलं. दोन्ही ठीक. म्हणजे आजार हृदयाचाच.

मी त्यांना कानपेटीवरचा बोंबीलचा आवाज ऐकवला. मोबाइलमध्ये होता. त्यांनी सगळा ऐकला आणि म्हणाल्या, “रेकॉर्डिंग उत्तम आहे हो. यात काहीच नाहीये.”

येताना मला आमच्या जुन्या लोखंडी पाइपाची आठवण होत होती. पाणी खारट झाल्यापासून आतून क्षार धरतो. बाहेरून दोन इंची तो दोन इंचीच. कापून बघावं तर आत पेन्सिल जाईल एवढंच भोक. आणि पंपाचा आवाज शेवटच्या दिवसापर्यंत तोच. असे नऊ पाइप मी या हातांनी कापले आहेत. तरी तुला लिहिलं, आवाज नाही तर बिघाड नाही.

गोळ्या चालू आहेत. एक गोळी चार सारख्या भागांत तोडायची असते, सुरीने चुरा होतो. मी पितळेचा कातर-साचा केला आहे. चारही तुकडे सारखे निघतात. मार्थाबाय आता रोज दुपारी मोजते आणि मी वहीत लिहितो. काल सहा, म्हणजे पंचवीस-सव्वीस.

धनेशकाका

•

पुणे
२ मार्च २०२५

ती. धनेशकाका,

वहीतले आकडे वाचून बरं वाटलं. पण तुम्हाला खोटा धीर देणार नाही. वरचा कप्पा एवढा फुगला की रक्त तिथे रेंगाळतं आणि गाठ धरते. ती गाठ बहुतेक वेळा मागच्या पायांकडे जाऊन अडकते. चौथाई गोळी त्याच्यासाठीच आहे, पण तिने धोका कमी होतो, जात नाही. तो अचानक ओरडला, मागचे पाय ओढायला लागला, पंजे गार लागले, तर थांबू नका. पडल्यामुळे मुरगळला असेल असं लोक समजतात आणि तेल चोळत बसतात.

आता माझ्याबद्दल. तुम्ही तुमचे सात दिवस लिहिलेत, तर मीही लिहिते. जानेवारीतलं पत्र मी आधी वेगळं लिहिलं होतं. त्यात होतं: ‘काका, चिठ्ठ्या देणं आजपासून बंद करा. ठीक हा शब्द या पेटीला लिहिताच येत नाही.’ मग तो कागद फाडला. बाबा गेल्यावर माझा पहिला स्टेथोस्कोप तुम्ही आणून दिला होतात, स्वतः नळी बदलून. त्या माणसाला हे कसं लिहायचं, असं झालं. म्हणून ‘जमल्यास’ लिहिलं, ‘घाई नाही’ लिहिलं. दवाखान्यात अनोळखी माणसाला मी कधीच ‘घाई नाही’ म्हणाले नसते.

फाडलेलं वाक्य आज पुन्हा लिहिलंय. सोळा चिठ्ठ्या अजून लोकांच्या घरी आहेत.

क्षितिजा

•

भुईगाव
६ एप्रिल २०२५

चि. क्षितिजा,

बोंबील २७ मार्चला, गुरुवारी सकाळी गेला. हेमांगीने तुला फोनवर कळवलंच आहे. बाकीचं मी लिहितो.

सव्वाआठ वाजता मी मांडवात होतो. ओरडणं ऐकू आलं आणि मला पहिल्यांदा ते माणसाचं वाटलं. मार्थाबायच्या मागीलदारी तो पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत होता. मागचे पंजे हातात घेतले, गार होते. तळव्याची गादी निळसर. पुढच्या पंजांची गुलाबी. तू लिहिलं होतंस तसंच, एकही गोष्ट वेगळी नाही. मार्थाबायची भावजय तेलाची बाटली घेऊन आली होती. मी तिला नको म्हटलं.

वसईच्या डॉक्टरांनी जांघेत नाडी शोधली. दोन्ही बाजूंना लागली नाही. दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं आणि मग, याला आता कायमचं झोपवू का, असं मार्थाबायला विचारलं. तिने होकाराची मान हलवली. तिचा हात त्याच्या पोटावर होता. ओठ हलत होते, पण त्या दिवशी ती मोजत नव्हती.

चिकूच्या तिसऱ्या झाडाखाली मी खड्डा केला. तिने प्रार्थना म्हटली. मग प्रार्थनेचं पुस्तक उघडून माझी चिठ्ठी काढली आणि माझ्यापुढे धरली. रागावली नव्हती. रागावली असती तर मला बोलता आलं असतं.

म्हणाली, “धनेश, मला दिसत होतं रे. तू मोजू नको म्हणालास, म्हणून मी मोजायचं सोडलं. जवळजवळ महिनाभर नाय मोजलं.”

२१ जानेवारी ते १७ फेब्रुवारी. सत्तावीस दिवस. गोळी महिनाभर आधी सुरू झाली असती तर तो वाचला असता का, हे मी दोन्ही डॉक्टरांना विचारलं. सांगता येत नाही, म्हणाले. तूही तेच लिहिशील. ठीक आहे. पण सांगता येत नाही हे उत्तर माझ्यामुळे मार्थाबायला जन्मभर घेऊन बसावं लागणार आहे.

उरलेल्या सोळा चिठ्ठ्या मागायला मी स्वतः घरोघर गेलो. चौदा परत आल्या. एकीला लॅमिनेशन केलं होतं, ती कात्रीने कापली. दोन घरं भाड्याची होती, माणसं सोडून गेली. त्यातल्या एकाचा फोन मिळाला, दुसऱ्याचा शोधतोय. प्रत्येक घरी सांगितलं की माझी चिठ्ठी चुकीची होती. लोकांना हे ऐकायला आवडत नाही. जागृती म्हणून एक मुलगी आहे, तिने दार लावायच्या आत विचारलं, “मग तेव्हा एवढ्या खात्रीने कसं लिहिलंत?” मी म्हटलं, आवाज स्वच्छ होता म्हणून. मग प्रत्येक घरी झोपलेल्या मांजराचे श्वास कसे मोजायचे ते दाखवलं. मार्थाबाय दोन ठिकाणी माझ्याबरोबर आली. तिसऱ्या घरी मीच तिला नको म्हटलं, तिच्याच्याने बघवत नव्हतं. एका मांजराचे छत्तीस भरले. ते शुक्रवारी सोनोग्राफीला जाऊन आलं. भिंत ५.६. सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय.

कानपेटी सध्या विहिरीवर आहे. बेअरिंगच्या बाबतीत तिचं चुकत नाही.

आता राहिलेलं. २ फेब्रुवारीच्या पत्रात मी लिहिलं होतं, हर्षवर्धन चहा पिऊन गेला आणि त्याला वस्तू पसंत पडली. तो आला होता १९ जानेवारीला. नुसता चहा प्यायला नव्हता, आकडा सांगितला होता. विरारपासून वसईपर्यंत मांजरवाल्यांना कानपेटी विकायची, पेटीवर माझं नाव, आणि दाखवायला बोंबीलचा ठोका, कारण सतरांत सगळ्यात स्वच्छ तोच. मार्थाबायने मला नऊ श्वासांचं सांगितलं २१ ला. मधे दोन दिवस. त्या दोन दिवसांत मी शिसवी लाकडाच्या पेटीचं चित्रसुद्धा काढून ठेवलं होतं. तिचं माप मला खुळचट का वाटलं, हे मी तुला त्या पत्रात पंप आणि स्क्रूड्रायव्हर घालून समजावलं. त्यात हे नव्हतं.

परवा तो पुन्हा आला. बोंबीलचं त्याला कळलं होतं, वाईट वाटलं म्हणाला, आणि त्याला ते खरंच वाटलं होतं. मग म्हणाला, “काका, पेटीच्या मागे बारीक अक्षरांत लिहू ना, ही फक्त प्राथमिक तपासणी आहे म्हणून. बाकी सगळे तसंच करतात.” मी त्याला सांगितलं, मार्थाबायला चष्म्याशिवाय बारीक अक्षरं दिसत नाहीत, आणि माझी चिठ्ठी तिने चष्मा न लावताच जपून ठेवली होती. त्याने पिशवी उघडली. कागद तयार करून आणला होता, आकडा शब्दांत आणि अंकांत दोन्हींत लिहिलेला, खाली माझ्या सहीला जागा.

दोन लाख चाळीस हजार रुपये. मी नाही म्हटलं.

धनेशकाका